ऊसतोडीवरचा प्रबंध : विषय जिल्ह्याएवढा नको, वस्तीएवढा घे

प्रश्न थोडक्यात असा आहे. बीड जिल्ह्यातली एक विद्यार्थिनी बी.ए.च्या चौथ्या वर्षाला आहे, समाजशास्त्र, ऑनर्स विथ रिसर्च. विषय ठरलाय ‘मराठवाड्यातील ऊसतोड कामगारांच्या समस्या : एक समाजशास्त्रीय अभ्यास’. प्रबंध मार्चअखेर द्यायचा आहे. ऑगस्ट अर्धा सरला, प्रस्तावनेची बारा पानं झाली आणि पुढं पेन हलेना. गुगल फॉर्म केला, तो मैत्रिणींनीच भरला. आता जानेवारीत गावोगाव फिरून दोनशे जणांचा सर्वे करायचा विचार आहे. मार्गदर्शक सर “कर तू, बघू आपण” एवढंच म्हणतात. तिचं विचारणं आहे, सुरुवात कुठून करू आणि शंभर पानं भरू कशी?

मी मराठवाड्यातल्याच एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवते आणि बरीच वर्षं पदवीच्या मुलामुलींचे प्रकल्प बघतेय. वर्गात सगळ्यांना अरे-तुरेच करते, तर तुलाही ‘तू’च म्हणते.

तुला लिहिता येत नाही असं अजिबात नाही. बारा पानं लिहिलीस की. अडचण विषयाच्या आकाराची आहे. मराठवाडा म्हणजे आठ जिल्हे, ऊसतोड कामगार म्हणजे लाखो माणसं, आणि ‘समस्या’ म्हणजे मजुरी, उचल (हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम), आरोग्य, पाणी, शाळा, बालविवाह, मुकादम (टोळी जमवणारा ठेकेदार), सगळंच. एवढ्या विषयावर फक्त प्रस्तावनाच लिहून होते, कारण प्रस्तावनेत कुणाच्या दारात जावं लागत नाही. तेराव्या पानावर कुठल्या तरी एका घरात शिरावं लागतं आणि ते घर कुठलं हे तुझ्या शीर्षकातून कळत नाही.

काही गोष्टी तुझ्या विद्यापीठावर आणि विभागावर अवलंबून आहेत, त्या आधी विचारून घे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात चौथ्या वर्षाच्या संशोधन प्रकल्पाला १२ श्रेयांक (क्रेडिट) धरलेत, पण ते दोन सत्रांत कसे वाटले, तोंडी परीक्षेला किती गुण, पानांची अट खरंच आहे की वरच्या वर्गातल्या मुलांनी सांगितलेली दंतकथा आहे, हे विभागाच्या अभ्यासक्रम पुस्तिकेतच सापडेल. शंभर पानांचा आकडा मी अनेकदा ऐकलाय, छापलेला फार कमी वेळा पाहिलाय. शीर्षक एकदा नोंदवल्यावर बदलता येतं का, तेही विचार. नसेल बदलता येत तरी बिघडत नाही. शीर्षकाखाली एक ओळ टाकायची, ‘विशेष संदर्भ : अमुक तालुक्यातील एक वस्ती’. ही सवलत बहुतेक ठिकाणी मिळते.

आता विषय कापायचा कसा ते सांगते. मी मुलांना एकच कसोटी लावते. तुझा प्रश्न वाचून मला कळलं पाहिजे की उद्या सकाळी तू कुणाच्या ओट्यावर बसणार आहेस किंवा कुठलं रजिस्टर उघडणार आहेस. तुझ्या शीर्षकातून ते कळत नाही. समस्यांपैकी एकच धर. शाळा घे, कारण तिथं कागद सापडतो. मग माणसं कमी कर : सगळे कामगार नकोत, त्यांची पहिली ते आठवीतली मुलं. मग जागा : एक गाव, जमलं तर त्यातली एक वस्ती किंवा तांडा. मग काळ : एक शैक्षणिक वर्ष. कापता कापता असा काहीतरी प्रश्न हाती येतो : आईवडील तोडीला गेल्यावर आमच्या गावातली जी मुलं मागं राहतात ती कुणाजवळ राहतात, आणि नोव्हेंबर ते मार्च त्यांची शाळेतली हजेरी किती टिकते?

एवढासा प्रश्न बघून मुलांना वाटतं, यात काय पाच पानं होतील. होतं उलटं. आजीजवळ राहणारं मूल, चुलत्याकडं राहणारं मूल, हंगामी वसतिगृहात (तोडीच्या हंगामापुरती मागं राहिलेल्या मुलांची सोय) जेवणारं मूल, आणि धाकट्या भावंडाला सांभाळायला आईबरोबर उसाच्या फडावर नेलेली थोरली पोरगी, ही चार वेगवेगळी आयुष्यं आहेत. त्या प्रत्येकावर लिहिण्यासारखं असतं.

तुझ्या नियोजनातली सगळ्यात मोठी खोट मात्र जानेवारीची आहे. जानेवारीत तू ज्यांना भेटायला जाणार ती माणसं गावात नसतीलच! कारखान्यांचं गाळप साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतं आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतं. दसऱ्यानंतर टोळ्या हलायला लागतात आणि दिवाळी झाली की निम्मं गाव रिकामं होतं. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, काही कर्नाटकात. परत येतात तेव्हा तुझा प्रबंध बायंडिंगला गेलेला असेल. हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, तू त्याच मुलखातली आहेस. पण कॉलेजचं वेळापत्रक समोर आलं की गावाचं वेळापत्रक डोक्यातून जातं. प्रबंध गावाच्या वेळापत्रकावर बेतायचा असतो.

म्हणजे आत्ता ऑगस्टमध्ये तू उशीर केलेला नाहीस, तू अगदी वेळेवर आहेस. सप्टेंबर आणि दसऱ्यापर्यंतचे दिवस घरोघरच्या मुलाखतींना. माणसं घरी आहेत, उचल घेऊन झालेली आहे किंवा त्याच बोलण्यात आहेत, आणि मुलांना न्यायचं की ठेवायचं हा विषय त्या घरात नेमका तेव्हाच चाललेला असतो. दिवाळीनंतर शाळा आणि मागं राहिलेली म्हातारी माणसं. डिसेंबर-जानेवारीत तक्ते आणि लेखन. फेब्रुवारी दुरुस्त्यांना. मार्चचा पहिला आठवडा टायपिंग आणि बायंडिंगवाल्याच्या नावाने सोडून दे, कारण त्या दिवसांत त्याच्याकडं अख्ख्या तालुक्याचे प्रकल्प आलेले असतात आणि तो “परवा या” शिवाय दुसरं बोलत नाही.

मुलाखतींकडं येते. गुगल फॉर्म विसर. दोनशे घरंही विसर. एका वस्तीतली तीस-पस्तीस घरं, पण त्या वस्तीतली सगळी, हे दहा गावांतून वेचलेल्या दोनशेपेक्षा तुझ्या कामाला जास्त उपयोगी आहे. निवडून घेतलेल्या घरांबद्दल परीक्षक पहिला प्रश्न विचारतो, हीच का? वस्तीतली सगळी घेतलीस की हा प्रश्न उरतच नाही. कुलूप असलेली घरंही मोज, ती गेली कुठं हे शेजारी सांगतील आणि तीही माहितीच आहे.

विचारायचं कसं, यावर मी वर्गात सगळ्यात जास्त वेळ घालवते. “तुमच्या मुलांच्या शिक्षणात कोणत्या समस्या येतात?” असं विचारलंस की समोरची बाई म्हणणार, “काय सांगावं बाई, गरिबाला समद्याच अडचणी.” आणि तू ते वहीत ‘आर्थिक समस्या’ म्हणून लिहिणार. झालं, तुझ्या पदरात काही पडलं नाही. त्याऐवजी मागच्या हंगामातली एकेक गोष्ट विचार. मागच्या संक्रांतीला तुम्ही कुठं होतात? पोरं कुठं होती? इथं होती तर भाकरी कोण करून घालत होतं? शाळेत न्यायला-आणायला कोण? आजारी पडलं तर कुणी फोन केला? माणसांना तारखा आठवत नाहीत, पण दसरा, दिवाळी, संक्रांत, शिमगा, पाडवा पक्का आठवतो. सणावर बोट ठेवलं की महिना कळतो. हे एकदा जमलं की त्याच बाईकडून अर्ध्या तासात चार पानं येतात. तिची एकदोन वाक्यं तिच्याच बोलीत प्रबंधात जशीच्या तशी ठेव. ‘प्रतिसादकाने व्यक्त केले की’ असलं पुस्तकी वळण त्यांना देऊ नकोस.

दोन पथ्यं. मुकादम किंवा त्याच्या घरचं कुणी ओट्यावर बसलेलं असताना उचलीचा विषय काढायचा नाही. समोरचा माणूस खोटं बोलेल, त्याहून वाईट म्हणजे खरं बोलून अडचणीत येईल. एका कोयत्याला (म्हणजे ऊस तोडणाऱ्या एका जोडप्याला) किती उचल मिळाली हा तुझा प्रश्न नाहीच, तर तो विचारायची गरजही नाही. दुसरं, बायकांच्या आरोग्याचा विषय. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर २०१९ मध्ये मोठी चर्चा झाली, राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेव्हापासून बाहेरून आलेल्या अनेकांनी त्यांना तेच ते विचारलंय. कुणी आपणहून सांगितलं तर ऐकून घे, पण पदवीच्या प्रबंधासाठी ते खोदू नकोस. नावं कुणाचीच लिहायची नाहीत. घर क्रमांक १, घर क्रमांक २ असं कर आणि कुठला क्रमांक कुणाचा ती यादी वेगळ्या वहीत, घरी ठेव. गावाचंही नाव बदलावं का, हे सरांशी बोलून ठरव. लहान वस्ती असेल तर मी बदलायलाच सांगते.

आता शाळेचा हजेरीपट. मला विचारशील तर तुझ्या प्रबंधाचा कणा हाच होणार आहे. आधी तुझ्या विभागप्रमुखांच्या सहीचं, शिक्क्याचं पत्र घेऊन मुख्याध्यापकांना भेट. नुसती भेटलीस तर ते “वरून परवानगी आणा” म्हणतील. रजिस्टर घरी मागायचं नाही, मोबाइलवर फोटोही काढायचे नाहीत, तिथंच बसून उतरवायचं. पान उघडलंस की डाव्या बाजूला मुलांची नावं, वर एक ते एकतीस तारखा. जुलै-ऑगस्टच्या पानावर चौकटी दाट भरलेल्या दिसतात. नोव्हेंबरचं पान उलटलं की काही नावांपुढं गैरहजेरीच्या खुणांची सलग रांग लागलेली दिसते, काही नावांपुढं मध्येच आठ दिवस हजेरी, पुन्हा रांग. ती मधली आठ दिवसांची हजेरी कशाची, ते गुरुजींना विचार. आई बाळंतपणाला आली असेल, आजी आजारी पडून मूल परत फडावर गेलं असेल. आकड्यामागची अशी एकेक गोष्ट हाती लागली की तुझा प्रबंध इतरांपेक्षा वेगळा पडेल.

उतरवताना प्रत्येक मुलासाठी दोनच संख्या काढ : जून ते सप्टेंबर शाळा भरली त्यातले किती दिवस मूल हजर होतं, आणि नोव्हेंबर ते मार्च किती. तुझा प्रबंध मार्चअखेर द्यायचा असल्यामुळं मागच्या पूर्ण वर्षाचा हजेरीपट घे, यंदाचा फेब्रुवारीपर्यंत जोडीला. ऊसतोड घरातल्या मुलांची बागायतदाराच्या मुलांशी तुलना करायला जाशील तर घरची परिस्थिती, शेत, आईबापाचं शिक्षण अशा शंभर गोष्टी मध्ये येतील. मुलाची तुलना त्याच्याशीच केली, आईबाप गावात असताना आणि नसताना, की त्यातल्या बऱ्याचशा आपोआप बाजूला पडतात. फक्त सगळ्याच मुलांची हजेरी हिवाळ्यात थोडी घटते का, हे बघायला तोडीला न जाणाऱ्या घरांतल्या आठ-दहा मुलांच्याही याच दोन संख्या काढून ठेव.

आणि हजेरीपट हा शाळेनं लिहिलेला कागद आहे, हे विसरू नकोस. तू ज्या ज्या दिवशी शाळेत जाशील त्या दिवशी वर्गातली डोकी स्वतः मोजून टिपून ठेव आणि त्याच दिवसाच्या पानाशी ताडून बघ. फरक पडला तर गुरुजींवर ठपका ठेवायचा नाही. पद्धतीच्या प्रकरणात एका परिच्छेदात सरळ लिहायचं, एवढे दिवस ताडून पाहिलं, एवढा फरक आढळला. असं लिहिणाऱ्या मुलांवर परीक्षकांचा विश्वास बसतो, हे मी तोंडी परीक्षेत बघते.

हंगामी वसतिगृह तुझ्या गावात चालत असेल तर तिथं एक संध्याकाळ जा. नाव वसतिगृह असलं तरी पुष्कळ ठिकाणी मुलं तिथं फक्त दोन वेळ जेवतात आणि झोपायला आजीकडं जातात. तुझ्या गावात काय आहे ते बघून लिही, शासन निर्णयात काय आहे ते नंतर वाच.

वाचनाबद्दल थोडक्यात. शोधगंगा या संकेतस्थळावर ऊसतोड कामगारांवरचे पीएच.डी.चे प्रबंध मिळतात, मराठीतलेही. त्यातले चार उघड आणि पूर्ण वाचू नकोस, पद्धतीचं प्रकरण आणि निष्कर्ष वाच. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला, ६ ते १४ वयोगटासाठी. एवढं एका ओळीत पुरे, त्याचा इतिहास नको. प्रत्येक वाचलेल्या गोष्टीचं वहीत एक पान : काय म्हणतोय, कुठल्या गावचं, किती साली, आणि माझ्या वस्तीशी याचा काय संबंध. शेवटचा रकाना रिकामा राहिला तर ते पुस्तक तुझ्या प्रबंधात येणार नाही.

लोकसंख्येच्या आकड्यांबद्दल मात्र थांबून सांगते, कारण इथं बहुतेक मुलं नुसते आकडे उतरवून पुढं जातात. गावनिहाय आकडे २०११ च्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत मिळतील. ती मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी २०११ या दिवसांत झाली, म्हणजे ऐन हंगामात. त्या सबंध काळात जो घरी नव्हता तो जिथं सापडला तिथं मोजायचा, असा नियम होता. आता तुझ्या गावातल्या टोळ्या तेव्हा कुठं होत्या, याचा विचार कर. गावाचा जनगणनेतला आकडा आणि आशाताईंच्या किंवा अंगणवाडीच्या सर्वेक्षण वहीतला आकडा जुळला नाही तर घाबरून एकाला खोडू नकोस. दोन्ही वह्या वेगवेगळ्या साली भरल्या गेल्यात हे ध्यानात ठेवून दोन्ही आकडे शेजारी मांड आणि स्थलांतराचा किती वाटा असू शकतो यावर लिही. यावरच दोन पानं सहज होतील, आणि ती कुठल्याही पुस्तकातून उतरवलेली नसतील.

लेखन मधून सुरू कर. बारा पानांची प्रस्तावना बाजूला ठेव, फाडू नकोस. पहिल्यांदा तक्ते कर. प्रत्येक तक्त्याखाली तीन गोष्टी लिही : यात काय दिसतं, मला वाटत होतं तसं आहे का, आणि कुठलं घर यात बसत नाही. न बसणारं घर नेहमी सविस्तर लिहावं. एवढं झालं की माहितीच्या विश्लेषणाचं प्रकरण तयार. मग पद्धत, जी तू प्रत्यक्ष केलीस म्हणून न बघता लिहिता येते. मग आधीचं संशोधन, मग निष्कर्ष. प्रस्तावना सगळ्यात शेवटी, तेव्हा कळेल की जुन्या बारा पानांतली तीनच कामाची होती.

टक्केवारीवर एक तक्रार करूनच टाकते. तीस घरांपैकी चौदा घरं म्हणजे ४६.६७ टक्के, असं लिहून मुलं खाली अर्धं पान ‘यावरून असे स्पष्ट होते’ म्हणत बसतात. तीसपैकी चौदा असंच लिही. एक घर इकडचं तिकडं झालं तर तीन टक्के हलतात, तिथं दशांश चिन्हानंतरच्या दोन आकड्यांना काय अर्थ आहे? पाय चार्टही एखादाच. प्रत्येक प्रश्नाला एक रंगीत गोल लावल्यानं पानं वाढतात हे खरं, आणि परीक्षकाला तेही कळतं.

टायपिंग स्वतः युनिकोडमध्ये कर, मोबाइलवर बोलून केलंस तरी चालेल. डीटीपीवाल्याकडं जुन्या फॉन्टमध्ये टाइप झालं की फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडत नाही आणि दर दुरुस्तीला तुला तालुक्याला खेप घालावी लागते. एआयकडून प्रकरणं लिहून घ्यायचा मोह होईल. मराठी शुद्धलेखन तपासायला वापर हवं तर, विभागाची परवानगी असेल तर. पण तोंडी परीक्षेत आम्ही विचारतो, “सातव्या घरातली मुलं कुणाजवळ होती?” जी पोरगी त्या घरात गेलेली असते ती सांगायला लागते आणि थांबवावी लागते.

राहिले सर. “कर तू” म्हणणारे मार्गदर्शक बरेचदा आळशी नसतात, त्यांच्याकडं एकाच वेळी खूप मुलं असतात आणि समोर कागद नसतो. “सर, काय करू?” या प्रश्नाला त्यांच्याकडं उत्तर नसतं. दोन पानं घेऊन जा. एकावर प्रश्न, वस्ती आणि महिनेवार काम. दुसऱ्यावर मुलाखतीचे वीस प्रश्न. आणि तीनच गोष्टी विचार : विषय असा बारीक केलेला चालेल का, गावाचं नाव बदलू का, मुख्याध्यापकांसाठी पत्र कधी मिळेल. हो-नाही एवढंच सांगायचं असलं की सरही लगेच सांगतात. भेट झाल्यावर जे ठरलं ते त्यांना व्हॉट्सॲपवर चार ओळींत पाठवून ठेव. मार्चमध्ये “मी असं कधी म्हणालो?” होत नाही.

पत्राचं काम याच आठवड्यात उरक, कारण पुढं पोळा, गणपती, महालक्ष्म्या आल्या की ऑफिसात सही मिळायला दिवस लागतात. पत्र हातात येईपर्यंत वस्तीतल्या ओळखीच्या दोन घरांत प्रश्न विचारून बघ. पहिल्या घरातच पाच-सहा प्रश्न निरुपयोगी निघतील, ते काढून टाक आणि मगच बाकीच्या घरांकडं जा. सुधारलेले प्रश्न मला पाठवलेस तर वाचून सांगते.